कोयत्याला सोनेरी रंग

बीड जिल्ह्यात फिरायला म्हणून कुणी जात नाही. तिथून लोक बाहेर पडतात. दसरा झाला की ट्रकात बसतात आणि ऊस तोडायला जातात. मीही तशीच बाहेर पडले, फक्त जरा लांब जाऊन पडले. जर्मनीत, लाइपझिगला राहते. लोखंडाची आणि मातीची कामं करते, त्यांची प्रदर्शनं होतात, तिथल्या पेपरात त्यावर काहीबाही छापून येतं. परत आल्यावर तिथल्या मैत्रिणींनी विचारलं, सुट्टी कशी गेली? म्हटलं, भांडणात गेली. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

म्हणून हे लिहायला बसले. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांना तो दिसावा म्हणून, आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही म्हणूनही.

गेवराई

शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की आपला जिल्हा आला, असं आमच्याकडची माणसं खिडकीतून बघून सांगतात. मी नदी बघायला मान वळवली तर पुढे वाळूनं भरलेला हायवा ट्रक, मागे वाळूचा हायवा, आणि मधे आमची बिचारी जीप. "मॅडम, नदी देखनी है तो हायवा में देखो, सब उसमेच भरी हुई है," अकबरमामू म्हणाले. अकबरमामू म्हणजे आमचे जीपवाले. माझ्या लहानपणी ते एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे अजूनही वळणावर "सरका पुढं" म्हणतात, जीपमध्ये मी एकटी असले तरी.

गेवराईत बसस्टँडसमोर सुशीला खाल्ली. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, हे बाईचं नाव नाही. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी घालून वर शेंगदाणे आणि कोथिंबीर घालतात, ती सुशीला. लाइपझिगमध्ये मुरमुरे मिळतात, पण त्यांना मध लावलेला असतो. त्या गोष्टीवरही मी तिथं एकदा भांडले आहे.

या खेपेला येण्याचं कारण एकच होतं. मायचा कोयता. मार्चमध्ये माझं मोठं प्रदर्शन आहे, आणि त्यात दालनाच्या दारातच कोयत्यांची एक रांग जमिनीवर मांडायची आहे. बाकी कोयते मी गोळा केलेत. रांगेतली पहिली जागा मायच्या कोयत्याची. तो का, ते सांगते, पण आधी गावात पोचू द्या.

तेलगावच्या पुढे, आमचा फाटा

तेलगाव सोडलं आणि चौकातल्या फ्लेक्सवर मला मीच दिसले. "जिल्ह्याची लेक, आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या चित्रकार यांचे सहर्ष स्वागत." वर नेत्यांची मुंडकी ओळीनं, त्यात भाऊसाहेबांचं सगळ्यात मोठं, आणि खाली कोपऱ्यात मी. तेही ठीक. पण मला गोरी केली होती हो! फ्लेक्सवाल्यानं माझ्या तोंडाला असला काही दुधाचा हात फिरवला होता की अकबरमामूंनी जीप थांबवून विचारलं, "ये कौन है?"

प्रकार असा होता. भाऊसाहेब हे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. त्यांनी आमच्या फाट्यावर ऊसतोड कामगारांचं स्मारक बांधलं होतं, आणि त्याचं अनावरण माझ्या हातून व्हावं म्हणून त्यांचे एक प्राध्यापक मला महिनाभर फोन करत होते. ह्यांना सगळे 'सर' म्हणतात. सूत्रसंचालन हा त्यांचा खरा धंदा, शिकवणं जोडधंदा. मी हो म्हटलं होतं. ऊसतोड्यांचं स्मारक म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? उभा जन्म मी दुसरं काय केलंय?

घरी पोचले तर माय गोठ्याच्या तोंडाशी उभी. "आलीस का गं? वाळलीस की लई. तिकडं जेवाय देत न्हाईत का काय?" जेवायला येसराची आमटी, भाकरी आणि ठेचा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, ते ठेच्याचं होतं असं मी तिला सांगितलं. हात धुतले आणि आढ्याला बघितलं. कोयता नेहमी तिथं खोचलेला असतो. जागा रिकामी.

"माय, कोयता कुठाय?"

"त्यो न्हेला की भाऊसाहेबाच्या मान्सांनी. दोन दिसात देतो म्हणले. आता पंधरवडा होत आला."

"काऊन दिलास मग?"

"मान्सं दारात आल्यावर न्हाई कसं म्हनावं? कारेक्रम हाय म्हणले." मग ती खरी कळवळली, पण माझ्या प्रदर्शनासाठी नाही, शेळ्यांसाठी. "शेळ्याला पाला कशानं तोडू? शेजारणीचा इळा मागून आनते रोज. ती बी आता तोंड वाकडं करायलीय."

आता तो कोयता काय आहे ते सांगते.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एकटी बाई आली तर ती अर्धा कोयता. मी सात-आठ वर्षांची असताना बापाचा पाय मोडला आणि माय अर्धी झाली. त्याच साली कोयता बंद होता. संप म्हणजे काय ते मला कळत नव्हतं, पण सगळे घरी आहेत आणि कुणी ट्रकात चढत नाही ह्याचा आनंद होता. मग एक दिवस बातमी आली की आबासाहेब मुकादम दुसऱ्या तालुक्यातली माणसं भरून ट्रक आणतोय, संप मोडायला. गडी सभेला बीडला गेले होते. बाया उठल्या आणि फाट्यावर जाऊन रस्त्यात बसल्या. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मी मायच्या मांडीत.

ट्रक आला. आबासाहेबानं केबिनमधून डोकं काढलं आणि म्हणाला, "ए कौसे, ऊठ. तू तर अर्धाच कोयता. तुला कशाला पायजे संप?"

मायनं कोयता डांबरावर ठेवला, धार वर करून, चाकाच्या समोर. "अर्धा असला तरी टायर पुरा कापतो," म्हणाली. शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीनं, प्रयागमावशीनं, ठेवला. मग तिच्या शेजारणीनं. हां हां म्हणता रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कोयत्यांची रांग झाली. ड्रायव्हर खाली उतरला, पात्यांकडे बघितलं, टायरकडे बघितलं आणि ट्रक मागे घेतला. टायर ट्रकमालकाचं होतं ना!

मी मांडीत बसलेली होते, म्हणून मला चेहरे आठवत नाहीत. टायरची नक्षी, त्यात अडकलेला खडा, आणि पात्यावर पडलेलं ऊन, एवढंच आठवतं. माझं एकही काम भिंतीवर नसतं ते त्यामुळे. सगळं जमिनीवर. तिकडचे समीक्षक लिहितात की हिच्या कामात हिंसा आहे, धमकी आहे. अहो, धमकी ट्रकात होती! बाया तर नुसत्या बसल्या होत्या. हे मी तिथं इतक्या वेळा सांगितलं आहे की आता मला ते जर्मनमध्ये झोपेतही म्हणता येतं. तिकडच्या लोकांना कळत नाही असंही नाही. त्यांच्याकडे संप होतात, पण आधी कळवून. नारिंगी जाकिटं घालतात, शिट्ट्या वाजवतात, कोपऱ्यावर चहा-कॉफीचं टेबल असतं. छान असतात हो ते संप. पण त्यांत कुणी कुणाला अर्धी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फाट्यावर गेले. स्मारक कापडाखाली झाकलेलं होतं. सर तिथंच मंडपवाल्यावर ओरडत होते. मी कापडाखाली डोकं घातलं. चौथऱ्यावर एक मिशावाला गडी, छाती पुढे, कोयता तलवारीसारखा आभाळात. त्याच्या मागे दोन पावलांवर बाई, डोक्यावर मोळी, हाताला पोर, नजर खाली. ऊस बुडख्याशी वाकून तोडतात. आभाळात कुणाचा ऊस असतो? मूर्तिकार घोड्यावरचे पुतळे करणारा असणार, नुसता घोडा काढून घेतला होता.

तेही मी गिळलं असतं. पण चौथऱ्याच्या पुढ्यात एक काचेची पेटी होती. पेटीत लाल मखमल आणि मखमलीवर कोयता. सोनेरी. लग्नातल्या खुर्च्यांना मारतात तो सोनेरी रंग. मग मूठ बघितली. बाभळीची मूठ, अंगठ्याच्या जागी झिजून खोलगट झालेली, मायच्या अंगठ्याएवढी. खाली पितळी पाटी होती, "ऊसतोड कामगारांचे कैवारी कै. आबासाहेब यांनी संघर्षात वापरलेला कोयता."

आबासाहेब, म्हणजे भाऊसाहेबांचे वडील. तोच मुकादम. तोच केबिनमधला!

"सर, हे काय आहे?"

सर हसले. त्यांचं हसू माइक नसतानाही माइकवर असल्यासारखं. "मॅडम, ते प्रतीकात्मक आहे. लोकांना नेतृत्व लागतं."

"नेतृत्व ट्रकात बसलेलं होतं. हा माझ्या आईचा कोयता आहे."

"आईंचं योगदान आहेच ना मॅडम. त्या मागच्या बाईच्या रूपात आहेच की."

मी काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही. मंडपवाल्यांनी हातोडे थांबवले होते एवढं आठवतं. सर मात्र "चहा सांगतो" म्हणून गेले आणि आलेच नाहीत.

नांदूरघाट

साक्षीदार हवा, असं मला वाटलं. कोर्टात नव्हते, पण संतापलेल्या माणसाला सगळीकडे कोर्टच दिसतं. प्रयागमावशी आता लेकीकडे नांदूरघाटला राहते. अकबरमामूंना म्हटलं, चला.

धारूरच्या घाटात सीताफळांनी डोंगर लगडले होते. एका वळणावर बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. मी टोपलीभर घेतली आणि जीपमध्ये खात सुटले, बिया खिडकीतून बाहेर. पुढच्या वळणावर मामूंनी करकचून ब्रेक मारला. समोर ट्रॅक्टर बंद पडलेला, त्याच्या दोन ट्रॉल्यांत कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, बांबू, चटया, भांडी, कोंबड्या, आणि सगळ्याच्या वर पाय दुमडून बसलेली माणसं. यंदाची पहिली टोळी निघाली होती. माझ्या मांडीवरची सीताफळं फुटून सगळा गर ड्रेसवर. ट्रॉलीवरच्या बाया हसल्या, मीही हसले, आणि लगेच रडू आलं. मी सात-आठ वर्षांची होते तेव्हापासून आजवर यांच्यात काय बदललंय? बांबूऐवजी ताडपत्री आलीय आणि हातात मोबाइल. कोयता अजून दोघांत एकच.

प्रयागमावशी अंगणात तुरी निवडत होती. ऐकून घेतलं तिनं सगळं. मग सूप बाजूला सरकवलं.

"आबासाहेबाचा कोयता? त्यानं जल्मात खुरपं तरी धरलतं का?"

"चल मग मावशी, सांग तिथं येऊन."

"सांगाय कशाला? कौसी हाय न्हवं." पण उठली, लुगडं बदललं, आणि जीपमध्ये बसताना म्हणाली, "मी तिच्या उजव्या हाताला बसलते. पुतळ्यात मी कुटं हाय मग?"

अनावरण

मंडप खच्चून भरला होता. बाया टेम्पोतून आणलेल्या, पुढे हिरव्या गालिच्यावर. माय आणि प्रयागमावशी त्यांच्यातच, तिसऱ्या की चौथ्या रांगेत. स्टेजवर सगळे पुरुष आणि मी. मला फेटा बांधला, तो इतका आवळून की भुवया वर गेल्या, आणि फोटोत मी सतत चकित झालेली दिसते. मग शाल आणि नारळ. आमच्याकडे सत्काराचा नारळ कार्यक्रम संपेस्तोवर मांडीवर धरून बसायचा असतो. खाली ठेवला तर अपमान. मी धरून बसले.

भाऊसाहेब बोलायला उठले. "ह्याच फाट्यावर, मायबापहो, आमच्या आबासाहेबांनी ट्रक अडवला!" टाळ्या. मी बायांच्या रांगेकडे बघितलं. माय पदराच्या टोकानं दात कोरत होती.

माझी पाळी आली. मी पाठ केलेलं काही बोलले नाही. म्हटलं, "मी ह्या फाट्यावर होते. आबासाहेबांनी ट्रक अडवला नाही, आणला. अडवला बायांनी. तो पेटीतला कोयता कौसाबाईचा आहे, माझ्या मायचा. आणि तुम्ही त्याला रंग फासून तिलाच मागं उभी केलीय." मला वाटलं, झालं, बोलले एकदाचं.

सरांनी अलगद माइक काढून घेतला. "मॅडम आपल्या जन्मभूमीत येऊन अत्यंत भावुक झालेल्या आहेत. त्यांच्यासाठी एकदा जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या झाल्या हो. कडकडून झाल्या. भाऊसाहेबांनी सुद्धा वाजवल्या. मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. शिव्या दिल्या असत्या, खाली उतरवलं असतं, तरी चाललं असतं. ह्यांनी माझं भांडण कार्यक्रमात बसवून टाकलं. निषेध होता तो, त्याला यांनी हार घातला! पडद्याची दोरी माझ्या हातात देत होते, मी हात मागे घेतला, तर कुणीतरी माझ्या कोपराला धरून हात दोरीला लावला आणि पडदा पडला. फोटो निघाला. माझ्या हस्ते अनावरण.

तेवढ्यात बायांच्या रांगेतून माय उठली. स्टेजकडे नाही, सरळ पेटीकडे गेली. मागे प्रयागमावशी.

"माजा कोयता द्या," माय म्हणाली. आवाज चढवला नाही. "दोन दिस म्हणलतात."

भाऊसाहेब लगबगीनं खाली उतरले, कॅमेऱ्यांकडे बघून वाकले आणि तिचे पाय धरले. "माय, सगळं तुमचंच हाय. मी तुमचाच लेक हाय."

"लेकाचं ऱ्हाऊ दे. कोयता दे."

आता कॅमेऱ्यांसमोर नाही कसं म्हणणार? भाऊसाहेबांनी सरांकडे बघितलं. सरांनी मंडपवाल्याकडे. पेटीची किल्ली कंत्राटदाराकडे होती आणि कंत्राटदार अंबाजोगाईला. "उद्या घरपोच देऊ आई," सर म्हणाले. "सन्मानानं देऊ."

माय माझ्याकडे वळली. मी स्टेजच्या कडेला, फेटा डोक्यावर, नारळ हातात. "आन ते इकडं." मला वाटलं तिला नारळ धरायचाय. दिला. तिनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि पेटीच्या काचेवर घातला.

काच खळ्ळकन खाली आली. नारळ शाबूत. मग मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. आमच्याकडे शुभकार्याला नारळ फुटतोच, लोकांना वाटलं हाही कार्यक्रमातलाच. मंडपभर टाळ्या. भाऊसाहेबांचे हात हवेत थांबले, आणि मग तेही वाजवायला लागले. दुसरं काय करणार? सरांना माइकमध्ये काही सुचेना. तेवढं एक समाधान मिळालं.

मायनं पदर हाताला गुंडाळून काचा बाजूला केल्या, कोयता उचलला, नारळ काखेत मारला. "चल प्रयाग," म्हणाली. दोघी चालत घरी गेल्या. मला जीप होती, पण मीही त्यांच्या मागे चालतच गेले, फेटा सोडत.

घर

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागमावशी नारळाची चटणी वाटत होती आणि माय दगडावर पाणी शिंपडून कोयता घासत होती. सोनेरी रंगाचे पापुद्रे तिच्या पायांवर, बोटांवर, दगडाभोवतीच्या चिखलात. कोंबड्या त्यात टोचा मारून बघत होत्या.

"धार बी मारली गं मेल्यांनी," माय म्हणाली. पात्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होती, आणि खरंच, कानशीनं घासून कड गोल करून टाकली होती. सुरक्षेसाठी. हाच शब्द मला लाइपझिगच्या संग्रहालयातही ऐकवला होता. पाती बोथट करा, प्रेक्षकांच्या सुरक्षेसाठी. मी तिथं दोन महिने भांडले, आणि शेवटी त्यांनी भोवती दोरी बांधायचं कबूल केलं. कोयत्यापासून दोन हात लांब.

मी तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "माय, हा मला दे. मी नेते. तिकडं सगळ्यात पुढं ठेवीन. खाली तुझं नाव लिहीन, कौसाबाई म्हणून, मोठ्या अक्षरात. रंग लावणार नाही. धार बोथट करणार नाही."

ती घासत राहिली. "मंग काय करशील त्याचं?"

"ठेवीन. लोक बघतील."

"हात लावू देशील का त्यान्ला?"

"नाही. दोरी असते."

"मंग शेळ्याला काय दोरी घालू?" ती म्हणाली. रागानं नाही, खरोखरच विचारत होती. कोयता उन्हात धरून तिनं एक डोळा मिटून धार बघितली, उठली, आणि गोठ्यामागच्या सुबाभळीकडे गेली. पहिला घाव लागला नाही, फांदी नुसती हलली. परत आली, परत घासायला बसली. मी पाणी शिंपडत राहिले. दुपारपर्यंत ते चाललं. मग फांदी एका घावात खाली आली, आणि शेळ्या ओरडायला लागल्या.

मी तो पुन्हा मागितला नाही. परतीच्या विमानात चिडचिड होत होती, कुणावर ते नीट ठरत नव्हतं. भाऊसाहेबांवर, सरांवर, टाळ्या वाजवणाऱ्यांवर होतीच. दोरीवरही होती.

काल लाइपझिगला दालनात रांग मांडून पाहिली. दोरी मी काढायला लावली, त्यावरून पुन्हा एक भांडण झालं आणि ह्या वेळी मी जिंकले. पहिली जागा मोकळी ठेवलीय. संग्रहालयाची बाई नकाशा घेऊन आली आणि विचारलं, इथं काय यायचं राहिलंय?

म्हटलं, काही राहिलं नाही. तो कोयता कामावर आहे.